तांदळातलं नाव

ये, अशी जवळ बस. उंबऱ्यापाशी पाव्हण्यासारखी टेकू नकोस, आत ये. किती महिने झाले गं तुला या गावाकडं फिरकून? फोनवर तेवढं "येते मावशी, येते मावशी" म्हणायचं, आणि मी इकडं एसटीचा आवाज आला की हातातलं काम टाकून फाट्याकडं बघत बसायचं. बरं दिसतं का हे? बीड काय परमुलुखात आहे? सिरसाळ्याला गाडी बदलली की ऊन तापायच्या आत माणूस इथं.

तू समोर नाहीस हे मला कळतं. म्हातारी झाले, पण अजून तेवढी नाही झाले. मला लिहिताना कुणीतरी समोर बसवावं लागतं, नाहीतर शब्दच फुटत नाही. बोलत आलेली बाई मी, लिहिते तेही बोलल्यासारखंच. तुला यातलं पुष्कळ ठाऊक आहे, पण ते तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं तू कधी ऐकलं नाहीस. शिवाय हे दुसरंही कुणी वाचेल, त्यांना काय माहीत तू कोण आणि मी कोण. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मधी उठू नकोस.

मी शाळेत कधी गेले नाही. शाळेच्या भिंतीला लागून मात्र अर्धा जन्म गेला. आमच्या बचत गटाकडं गावातल्या शाळेची खिचडी आली, तेव्हापासून मी त्या पत्र्याच्या शेडात. शेडाची एक भिंत आणि वर्गाची भिंत एकच. मधी एक खिडकी, तिला गज. पलीकडं गुरुजी पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवायचे आणि अलीकडं मी चुलीसमोर राखेत बोटानं तीच गिरवायची. दर वर्षी पोरं दुसरीत जायची, मी पहिलीतच. पण पक्की झाले. एक दिवस तेलाच्या डब्यावरचं वाचलं आणि इतकी दचकले, जसं डबाच माझ्याशी बोलला. तेव्हापासून वाचायची सवय लागली ती लागली. मला कुणी कधी म्हणालं नाही, की मावशी, तुम्ही या कामाला जास्त शिकलेल्या आहात. ते ऐकायचं तुझ्या नशिबात होतं.

तुला तुझ्या सासूनं आणलं होतं. मी तांदूळ मोजून घेत होते आणि ती दारात उभी, मागं तू. पदर कपाळाच्या खालपर्यंत.

"हिला घे गं तुझ्या हाताखाली," सासू म्हणाली. "घरात बसून बसून सुकायली."

"शिकलीय का काही?"

"बारावी. तीबी कशीबशी. तुला काय करायचंय शिक्षण, खिचडी हलवायला?"

तू खाली बघत होतीस. मला वाटलं, बुजरी असेल. नवी नवरी, नवरा टेम्पो चालवणारा, सासू अशी तोफ. बुजेल नाही तर काय करील. मी म्हणाले, राहू दे. हाताला चांगली दिसतेय.

आणि चांगलीच निघालीस. एवढ्या मोठ्या पातेल्यात तुझ्या हातून कधी बुडाला लागलं नाही. पण बोलायची नाहीस. मी मेली दिवसभर बडबडणार आणि तू "हो मावशी", "न्हाई मावशी". सकाळी पोरं प्रार्थनेला उभी राहायची आणि आपण ओसरीवर परात घेऊन तांदूळ निवडत बसायचो. तिथंच मी पहिल्यांदा बघितलं.

तू तांदूळ परातीत सारखे करायचीस. पसरून, सपाट. मग उजव्या हाताचं बोट त्यावरून फिरायचं. खडा शोधताना फिरतं तसं नाही. लिहिताना फिरतं तसं. मग तळहातानं सगळं पुसून टाकायचं, आणि मग खडे बघायला लागायचं. रोज. तुला वाटायचं, मावशी अडाणी, हिला काय कळणार. मी पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी वाचलं. एक नाव होतं. बाईमाणसाचं. तुझं नव्हतं. म्हणजे गावात तुला ज्या नावानं हाक मारायचे ते नव्हतं.

मी विचारलं नाही. माणूस एखाद्याचं नाव रोज लिहून रोज पुसतं, त्याला काय विचारायचं? मला वाटलं, बहीण असेल, गेलेली. किंवा पोटात असतानाच गेलेली लेक, जिचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. मी आपली मनातल्या मनात त्या नावाला नमस्कार करायची.

दुसरी गोष्ट भिंतीपलीकडची. गुरुजींची एक सवय होती, ती सगळ्याच गुरुजींना असते. प्रश्न विचारला की थांबायचे. पोरं डोकं खाजवायची, एकमेकांकडं बघायची, आणि वर्गात एक रिकामी जागा पडायची. त्या रिकाम्या जागेत तुझे ओठ हलायचे. पातेल्यात पळा फिरत असायचा, वाफ तोंडावर यायची आणि ओठ हळूच उत्तर द्यायचे. आवाज नाही. नुसतं पुटपुटणं. पहिलीचा प्रश्न असो की चौथीचा. पोरांचं उत्तर आलं की तू मान एवढीशी हलवायचीस, बरोबर म्हणून. चुकलं की पळा थांबायचा.

मला अंगावर काटा यायचा, खरं सांगते. आमच्याकडं म्हणतात ना, एखादीला बाहेरचं लागलं की ती आपल्या तोंडानं दुसऱ्याचं बोलते. मला वाटायचं, या पोरीच्या आत आणखी कुणीतरी बसलंय आणि ते भिंतीपलीकडच्या माणसाला उत्तरं देतंय. मी तुझ्या नकळत मिठाची चिमूट तुझ्यावरून उतरून चुलीत टाकली होती. आज सांगते. हसू नकोस.

मग ती बाई आली.

पावसाळ्याचे दिवस होते, पाऊस मात्र नव्हता. जीप शाळेपुढं थांबली. तालुक्याहून आहार तपासायला आलेल्या बाईसाहेब. तुझ्याच वयाच्या. अंगावर इस्त्रीची सुती साडी, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. आमच्याकडं रीत आहे, की पोरांना वाढायच्या आधी मोठ्या माणसानं चव घ्यायची. रोज गुरुजी घ्यायचे, त्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, मी घेते. तू ताटलीत घासभर घातलंस आणि पुढं केलंस. त्यांनी घास घेतला, "छान झालीय" म्हणाल्या, आणि ताटली परत देताना वर बघितलं.

आणि नाव घेतलं.

परातीतलं. तेच.

माझ्या हातातून झाकण सुटलं. त्याचा केवढा आवाज झाला, पण त्या दोघींपैकी कुणी बघितलं नाही. बाईसाहेब पुढं आल्या. "अगं, तूच ना? कॉलेजला एका बाकावर बसायचो आपण! ओळखलं नाहीस?"

तू पदर पुढं ओढलास. "न्हाई बाई. मी न्हाई ती."

"असं कसं! अगदी तीच. हनुवटीवरची खूणसुद्धा…"

"ती माझी चुलतबहीण. लोक फसतेत."

"कुठं असते ती? किती शोधलं आम्ही तिला."

तू पातेल्याकडं बघत म्हणालीस, "ती वारली."

कसं म्हणालीस! "मीठ घातलंय" म्हणावं तसं.

बाईसाहेब तिथंच पाटावर बसल्या. इस्त्रीची साडी, राखेची जागा, काही बघितलं नाही. "कधी?" म्हणाल्या.

"लगीन झालं आन् गेली."

त्या रडल्या गं. ओठ दाबून, मोठ्या पदावरची माणसं रडतात तसं. आणि मग बोलत बसल्या. ती कशी होती, सगळ्या वर्गात कशी पुढं असायची, फिजिक्सचं अवघड गणित फळ्यावर सोडवताना कशी डाव्या हातानं वेणी धरून ठेवायची. एमेस्सी झाली, बीएड झाली, आणि सगळ्यांना वाटायचं की ही कुठल्या कुठं जाणार. तू हातात पळा घेऊन उभी. ऐकत. एखादं माणूस आपल्याच दहाव्याला येऊन बसावं आणि लोक काय बोलतात ते ऐकावं, तशी. आणि मी बघितलं, तुझा डावा हात मागं गेला होता. वेणी धरून होता.

पोरं ताटल्या वाजवायला लागली म्हणून तेवढ्यावर भागलं. जीप गेली. तू वाढायला घेतलंस. एका पोराच्या ताटलीत दोनदा वाढलंस आणि एकीला विसरलीस. बाकी काही नाही.

भांडी घासताना मीच म्हणाले, "जित्या माणसाची मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतेत. शंभरी गाठतीस आता तू."

मला वाटलं हसशील. तू राखेचा हात तसाच ठेवून मला विचारलंस, "मावशी, तुमाला कशावरनं वाटलं ती मीच म्हणून?"

"मला वाचता येतंय," मी म्हणाले.

तेव्हा तू बोललीस. पहिल्यांदा. नळाचं पाणी वाहून गेलं, कुणी बंद केलं नाही.

नोकरीसाठी किती फिरलीस ते सांगितलंस. सरकारी भरती बंद, संस्थेत लागायचं तर आधी पैसे मोजावे लागत होते आणि बापाकडं ते नव्हते. म्हणून लहान कामं बघायला गेलीस. मेडिकलच्या दुकानात काउंटरला बाई पाहिजे होती. दुकानदार चहा पाजून म्हणाला, "ताई, तुमी एवढ्या शिकलेल्या, चार दिसांत सोडून जाताल. आमाला टिकणारं माणूस पाहिजे." इंग्रजी शाळेत बालवर्गाला बाई पाहिजे होती. तिथली मोठी बाई म्हणाली, "आमच्यात मीच नुसती बीए. तुम्हाला काम सांगायची माझीच पंचाईत." म्हणून पुढच्या ठिकाणी तू बीएड सांगितलं नाहीस. तरी जास्त झालं. त्याच्या पुढं एमेस्सी सांगितलं नाहीस. तरी तोंडावरून कळतं म्हणाले. मग बोलणं कमी केलंस. एकेक पायरी उतरत उतरत बारावीपाशी येऊन उभी राहिलीस, आणि तेवढ्यात हे स्थळ आलं.

भुकेल्या माणसाला "तुझं पोट लई मोठं हाय" म्हणून पानावरून उठवावं, तसलं हे. मी ऐकलं आणि मला रागसुद्धा येईना. कुणावर काढायचा? चहा तर सगळ्यांनी पाजला होता.

सासूला सगळं ठाऊक होतं. पण पोरगा दहावीला गचकलेला. ती म्हणाली होती, "गावात बारावी सांगायची. आमच्या पोराची मान खाली नको." आणि सोपंच होतं ते. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं. पेढे वाटले. सगळी कागदं जुन्या नावाची, ती माहेरी पत्र्याच्या पेटीत.

"मावशी," तू म्हणालीस, "त्यांनी नाव लिवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी ताट उचललं आन् ते तांदूळ परत पोत्यात वतले. मी बघत व्हते. म्हनलं, जुनं गेलं ते गेलं, नवंबी गेलं की."

एमेस्सी झालेली पोरगी गावातली बोली बोलायची, ती आमच्यात वेगळी दिसू नये म्हणून. सवयच लावून घेतली होती. आपल्या जिभेवरसुद्धा पदर घेतला होतास तू.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुझ्या भावाचा फोन आला. तू ओसरीवर होतीस. पलीकडून पोरगा ओरडत होता, मला एवढ्या लांबून ऐकू आलं. "ताई, तू हायस ना? ताई, बोल की!" मागं तुझी आई रडायली होती.

"हाय की," तू म्हणालीस. "मला काय झालंय?"

बाईसाहेबांनी कॉलेजातल्या सगळ्यांना कळवलं होतं. मोबाइलवर तुझा फोटो फिरत होता. वेणी पुढं घेतलेला, हसरा. फोटोला फुलांचा हार, खाली जोडलेले हात, आणि वर ती दोन शब्दांची ओळ, जी आपल्याकडं चौकाचौकातल्या फलकांवर असते. मलाही वाचता आली. फोटोतली पोरगी माझ्याकडं बघत होती. मी कधी न बघितलेली पोरगी. तिचे डोळे सरळ होते, तुझे खाली.

भाऊ म्हणत होता, मी सगळ्यांना सांगतो, खोटंय म्हणून. तू म्हणालीस, "राहू दे. कशाला सांगतोस? आईला सांग मी बरी हाय." आणि फोन ठेवलास. तो फोटो मात्र पुसला नाहीस. मी बघितलंय, चुलीपाशी बसून तू तो काढून बघायचीस.

मला भ्या वाटायला लागलं ते तेव्हा. तू तांदळात लिहायचं बंद केलं होतंस. परात सपाट करायचीस आणि बोट नुसतं कडेला टेकवून बसायचीस. वर्गात गुरुजी प्रश्न विचारून थांबायचे. तुझे ओठ मिटलेले. मी मुद्दाम बघायची. ती रिकामी जागा तशीच रिकामी राहायची, आणि मग एखादं पोरगं काहीतरी चुकीचं बोलायचं, पळा थांबायचा नाही. मला वाटलं, हिच्या आतली ती खरंच मेली वाटतं.

पितरपाट आला. सर्वपित्री अमावस्येला शाळा चालू होती. गावात घरोघरी खीर-वडे, प्रत्येक पत्र्यावर पान ठेवलेलं. पोरं जेवून उठली आणि मी बघते तर तू पळसाच्या पानावर खिचडीची मूद घातलीस, वर पाण्याचा हात फिरवलास आणि शाळेच्या भिंतीवर नेऊन ठेवलीस.

"कुणाचं गं?"

"एका पोरीचं. तिथी ठावं न्हाई. म्हणून आज."

"अगं माय, जित्या माणसाचं पान ठिवतेत का कुठं? काय करायलीस हे?"

"जिती कुठाय, मावशी? तुमीच सांगा. तिला हार घातलाय लोकांनी. कुणी घास तरी नको का घालायला?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. कडुनिंबावर कावळे होते, पाच-सहा. एक खाली येईना. आता मला कळतं, सगळ्या गावाचे वडे खाऊन त्यांची पोटं भरली होती, साध्या खिचडीला कोण विचारतो. पण तेव्हा हे कुणाच्या डोक्यात येणार? कावळा शिवेना म्हणजे जीव कशात तरी अडकलाय, आपल्याकडं एवढंच ठाऊक. मग घरची माणसं हात जोडून एकेक सांगतात, की तुझं हे बघू, ते बघू, काळजी करू नको. तू नुसती पानाकडं बघत उभी. म्हणून मीच सुरू केलं. वेडीच मी.

"तुझ्या आईला बघू गं," म्हणाले. कावळे तिथंच.

"तुझी पुस्तकं जपू. पेटीला वाळवी लागू देणार न्हाई."

एक कावळा उडाला, तो दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

"तुझी हुशारी कुणी लपवणार न्हाई. सासूला मी बोलते."

काही नाही. ऊन नुसतं रणरणत होतं. तुझ्या तोंडावर एक थेंब नाही घामाचा, पांढरी फटक. मला वाटलं, कावळा आला तर ही गेली. आणि नाही आला तरी गेली. आणि माझ्या तोंडातून ते नाव निघालं. नुसतं नाव. मोठ्यांदा, शेतातून पोरीला हाक मारावी तसं. त्याआधी मी ते कधी उच्चारलं नव्हतं, नुसतं वाचलं होतं.

आणि तू म्हणालीस, "ओ."

तोंडातून आलं तुझ्या. तुला कळायच्या आत. गुरुजींनी हजेरी घेताना पोरं देतात तशी ओ.

दोघी एकमेकींकडं बघायला लागलो. मग मी भिंतीवरून पान उचललं. अर्धी मूद खाली सांडली. "ओ देणाऱ्या माणसाचं पान भिंतीवर ठिवत न्हाईत," म्हणाले. "खा. माझ्यादेखत खा."

तू खाल्लंस. उभ्यानं. रडत रडत, पण पान चाटून पुसून.

पितराचं पान जित्या माणसानं खाऊ नये म्हणतात. हे मला खायला घातल्यावर आठवलं. मी तुला तेव्हा सांगितलं नाही, तुला कळतच होतं म्हणा. पण तेव्हापासून मला घोर लागला तो लागला. त्या दिवशी भिंतीपाशी नेमकं कोण जेवलं?

पुढचं सगळं चांगलंच झालं की. थंडीत बाईसाहेब परत आल्या आणि तू पदर मागं सारून त्यांच्यापुढं गेलीस. "मी खोटं बोलले," म्हणालीस. शुद्ध बोललीस, फोटोतल्या पोरीच्या आवाजात. त्यांनी तुझ्या दंडावर चापट मारली, मग मिठी मारली, मग परत चापट मारली. "मेले, तुझ्या नावानं आम्ही दोन दिवस जेवलो नाही," म्हणाल्या. त्यांनीच बीडच्या शिकवणीत शब्द टाकला. नवऱ्यानं टेम्पोत सामान भरलं आणि नेऊन सोडलं, आणि मग तोही तिथलंच भाडं मारायला लागला. सासूनं आदळआपट केली. केली आणि टेम्पो निघताना तुझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबली. ते तू विसरली नसशील.

आता तुला लोक त्या नावानं ओळखतात. मॅडम म्हणतात. पोरी रांगा लावून शिकायला येतात. मला किती बरं वाटतं ते मी तुला सांगू शकत नाही.

आणि तरी मला एक सांग. माझ्यापाशी राखेत बसणारी ती कुठं गेली?

शेडात आता दुसरी बाई आहे. चटपटीत आहे, गाणी म्हणते, बुडाला लागू देते. मी परात घेऊन बसते. तांदूळ सपाट करते. आणि माझं बोट आपोआप फिरतं. मी लिहायचं ठरवलेलं नसतं. बघते तर तुझं नाव असतं, सासरचं, अंगठीनं लिहिलेलं. ते नाव आता कुणी घेत नाही. तुझ्या सासूला कुणी विचारलं, सून कशी आहे, तर ती म्हणते, "माझी सून गेली." रागानं म्हणते, बीडला गेली म्हणून म्हणते, मला ठाऊक आहे. पण ऐकताना तसं वाटत नाही. परवा गुरुजींनी वर्गात काहीतरी विचारलं आणि थांबले. माझ्या मागं, चुलीपाशी, कुणीतरी पुटपुटलं. मी वळून बघितलं नाही. उत्तर बरोबर होतं, पोरांनी नंतर तेच दिलं.

आता खरं सांगते, इतकं सगळं कशासाठी लिहिलं ते. मी बीडला आले होते. डोळे दाखवायला. तुला कळवलं नाही, म्हटलं अचानक जाऊन उभी राहीन. शिकवणीच्या दारात रिक्षांची गर्दी, पोरींची गर्दी. तू जिना उतरून आलीस, हातात पुस्तकं, चार पोरी भोवती. वेणी पुढं घेतलेली. डोळे सरळ. फोटोतली होतीस अगदी. मी रस्त्याच्या या बाजूनं तुला हाक मारली. मला जे नाव तोंडात बसलंय, त्या नावानं. गावातल्या.

तुझं पाऊल थबकलं. मी बघितलं. एवढंसं थबकलं, आणि मग तू पोरींशी बोलत पुढं गेलीस.

ऐकू आलं नसेल. रिक्षा केवढ्या वाजत होत्या. किंवा आलं असेल आणि वाटलं असेल, दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतंय. मी रागावले नाही गं, देवाशप्पथ. दुसऱ्या नावानं हाक मारता आली असती मला, तेही मला येतंच. पण मारली नाही. मला वाटलं, त्या नावानं ओ यायची असेल तर आपोआप यावी, तेव्हा आली तशी. मी स्टँडवर आले, चहा घेतला आणि गाडी धरली.

तुला शिकवणीत कुणी विचारतं का, मॅडम, आधी कुठं होतात? काय सांगतेस? काही सांगू नकोस म्हणत नाही मी. लोक जास्त शिकलेल्याला जसं उठवतात तसं राखेतून आलेल्यालाही उठवत असतील. पण एकीला जगवायला दुसरीला मारायचं, हे तुला दोनदा करावं लागू नये एवढंच वाटतं. माझ्यासाठी त्या दोघीही माझ्याच आहेत. एकीला मी वाचलं, दुसरीला मी जेवू घातलं. कुठली कुठली, ते आता माझं मलाच कळत नाही.

पितरपाट जवळ आलाय. कडुनिंबावर कावळे जमायला लागलेत. त्या भिंतीपाशी गेले की माझा हात पळसाच्या पानाकडं जातो आणि मी तो मागं घेते. मला कुणाचंही पान ठेवायचं नाही. म्हणून म्हणते, अमावस्येच्या आधी ये. सुट्टी नसेल तर मागून घे, मावशीचे डोळे गेले म्हणून सांग, चालेल. फाट्यावर उतरलीस की मी शेडाच्या दारातून हाक मारीन, तुझ्या गावातल्या नावानं. तू तिथूनच ओ दे. मग आत ये, पाटावर बस आणि चुलीवरची गरम गरम खिचडी खा. ये गं. लवकर ये.